तपकिरी कोटातली बाई

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते. मी आयुष्यात कुणाला ढकललेलं नाही. बसमध्ये नाही, रांगेत नाही, ईस्टरला चर्चच्या दारातही नाही, आणि तिथे तर आमच्या ग्लेंडेलच्या सगळ्या आर्मेनियन बायका एकमेकींच्या बरगड्यांत कोपरं खुपसत आत शिरतात. माझी सासू बरीच वर्षं माझ्या घरात राहिली, तिलासुद्धा ढकललं नाही. आणि आता जगात जिथे जिथे पडदा आहे आणि पॉपकॉर्न आहे तिथे तिथे मी एका म्हातारीला जिन्यावरून ढकलते आहे. दिवसाला चार खेळ, शनिवार-रविवारी जास्तच.

चित्रपटाचं नाव सांगणार नाही. त्यांची फुकट जाहिरात मी कशाला करू? लॉस एंजेलिस भूकंपाने फाटतं, मग समुद्र आत घुसतो, मग जे काही उरलंय ते पेट घेतं. एवढ्यावरून तुम्हाला चार-पाच नावं आठवतील, त्यातलंच एक धरून चाला.

या वयात असले चित्रपट बघता कशाला, असं माझी सून नाक मुरडून विचारते. माझी मैत्रीण झारुही आणि मी दर मंगळवारी दुपारी जातो. घरी सांगतो की गुडघ्यांच्या व्यायामाला चाललोय, आणि ते कुणालाच खरं वाटत नाही. पर्समध्ये सूर्यफुलाच्या बिया लपवून नेतो, अंधारात फोडतो आणि टरफलं रुमालात जमा करतो. शहर जितकं दणक्यात कोसळेल तितक्या आम्ही खूश. पूल पडला की झारुही टाळी वाजवते. सिटी हॉल पडला की मी वाजवते, कारण तिथे मला एका शिक्क्यासाठी आख्खा दिवस बसवून ठेवलं होतं. आमचं ग्लेंडेल मात्र कुणी पाडत नाही. बेव्हर्ली हिल्स पाडतात, सांता मोनिका बुडवतात, आमच्यावरून साधं हेलिकॉप्टर उडवत नाहीत. आम्ही कुणाचं काय घोडं मारलंय?

लाज वाटते का? वाटते तर. आम्ही दोघी आर्मेनियातल्या लेनिनाकानच्या. आता त्याला ग्युम्री म्हणतात, पण आमचं ते लेनिनाकानच. अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात भूकंप झाला, ते गाव सकाळी उभं होतं आणि दुपारी नव्हतं. आमचे पाद्री एकदा प्रवचनात म्हणाले होते, ज्यांनी खरा विनाश पाहिलाय त्यांनी खोट्या विनाशाची चटक लावून घेऊ नये. आम्ही दोघी पुढच्याच बाकावर होतो. मान खाली घालून ऐकलं, पटलंही, आणि मंगळवारी पुन्हा गेलो.

कारण चित्रपटात आधी एक शास्त्रज्ञ कागद फडकावत धावत येतो आणि ओरडून सांगतो, पळा. कुणी त्याचं ऐकत नाही, पण निदान तो येतो तरी. आमच्याकडे कुणी आलं नव्हतं. चित्रपटात भूकंप व्हायच्या आधी संगीत बदलतं. बायका ढिगाऱ्यातून बाहेर येतात तर केस जागच्या जागी, गालावर फक्त शोभेपुरता एक ओरखडा. आम्ही हसून हसून बेजार होतो. आणि शेवटी दिवे लागतात, सगळे उठतात आणि खिशात गाडीची किल्ली शोधायला लागतात. सगळेच्या सगळे उठतात. मला ते फार आवडतं.

मग झारुहीच्या घरी कॉफी. कॉफी संपली की आम्ही कप बशीत उपडे करतो आणि ती गाळात माझं नशीब बघते. तिला दर वेळी एक पक्षी आणि एक लांबचा प्रवास दिसतो. या देशात आल्यापासून मी सॅन डिएगोच्या पलीकडे गेलेली नाही.

आता मी पडद्यावर कशी पोचले ते सांगते. मी एक्स्ट्रा आहे, म्हणजे मागच्या गर्दीतली बाई. इथे आल्यापासून हेच काम. या नाकाची आणि या भुवयांची त्यांना सतत गरज पडते. अरबी बाजारात कांदे विकणारी मी, बोस्नियाच्या सीमेवर गाठोडं घेऊन उभी मी, इटालियन लग्नात डोळे पुसणारीही मीच. आर्मेनियन बाई म्हणून एकदासुद्धा बोलावलं नाही. तरी माझी तक्रार नव्हती. कपडे आपलेच न्यायचे, सांगतील तिथे उभं राहायचं, जेवण बरं असतं.

या वेळी मात्र बरबँकच्या एका शेडमध्ये बोलावलं. ना सेट, ना गर्दी. मला कॅमेऱ्यांच्या गोल कुंपणात उभं केलं आणि माझ्या तपकिरी कोटासकट चारी बाजूंनी फोटो काढले. मग कोट काढायला लावून अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घातला, त्यावर पांढरे ठिपके. ग्रिगोरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला त्या अवतारात पाहिलं असतं तर आमचा संसार त्याच दिवशी आटोपला असता. एक पोरगेला माणूस म्हणाला, "बाई, चाला." चालले. "पळा." गुडघ्यांना जमेल तेवढं पळले. "आता समजा, मोठ्ठा भूकंप झालाय. तुम्हाला सुचेल ते करा."

मी काय केलं ते मला त्या दिवशीही धड सांगता आलं नसतं. डोक्याने काही ठरवलंच नाही, अंगानेच केलं. संपलं तेव्हा मी गुडघ्यांवर होते आणि तो माणूस म्हणत होता, "वा! फारच खरं वाटलं." मला पाणी दिलं, सही घेतली, घरी पाठवलं. मी सगळं विसरूनही गेले.

मग तो मंगळवार आला. झारुहीला मी आधीच सांगून ठेवलं होतं, बघ हं, यात कुठेतरी मी आहे. ती बियांची डबल पिशवी घेऊन आली होती.

अर्धा चित्रपट मजेत गेला. मग एक हॉटेल हलायला लागतं. जिन्यात ही गर्दी. बाहेरची भिंत सुटून पडते आणि जिना उघडा पडतो, बाहुल्यांच्या घरासारखा. एक म्हातारी खालच्या पायरीवर, तिच्या वरच्या पायरीवर तपकिरी कोटातली बाई. बाई वाकते, दोन्ही हात झपकन पुढे जातात, आणि म्हातारी खाली जाते. थिएटरात आमच्या मागचे लोक शहारले. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "काय नीच बाई आहे!"

ती नीच बाई मी होते. चेहरा माझा, कोट माझा, डाव्या खांद्यावरचं रफूसुद्धा माझं. मी झारुहीकडे पाहिलं. तिच्या ओठांत बी तशीच अडकली होती, फोडायची राहून गेलेली.

कॉफीला गेलो. तिने कॉफी केली, आम्ही प्यायलो. तिने आपला कप उपडा केला नाही आणि माझाही करू दिला नाही. निघताना मला म्हणाली, "नीट जा, क्नारिक." नुसतं क्नारिक. आमच्यात माणूस भाजीवाल्यालासुद्धा जान लावून हाक मारतो. तिने मला जन्मात कधी क्नार जान सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

हे एवढं का लागलं ते कळायला तुम्हाला तो खरा जिना माहीत हवा.

झारुहीची आई वार्दुश मावशी आणि मी एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. झारुही त्या दिवशी बूट आणायला येरेवानला गेली होती. हादरा बसला तशा मावशी आणि मी एकदमच जिन्यात आलो. ती पुढे, मी मागे. बाहेरची भिंत गेली होती. मग तिच्या पायाखालच्या पायऱ्या गेल्या. मी वाकून तिची बाही पकडली आणि बाही सुटली. उरलेल्या तुकड्यावर मी एकटी उभी राहिले, माणसांनी उतरवेपर्यंत. खाली अंगणात आमचा शेजारी हामो होता. त्याने पुढे चार लोकांत सांगितलं की मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, क्नारिकचे दोन्ही हात पुढे होते आणि म्हातारी खाली गेली. बस, एवढंच. बाकीचं ज्याने त्याने जोडून घेतलं. झारुहीच्या कानावर ते गेलं होतं हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. तिने कधी विचारलं नाही, आणि आम्ही दोघींनी आपापलं बिऱ्हाड या देशात आणून शेजारी शेजारी मांडलं.

आणि आता त्या दीडशहाण्यांनी हामोची साक्ष रंगीत करून, डोंगराएवढ्या पडद्यावर, कानठळ्या बसतील अशा आवाजात तिला दाखवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रागाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकते. त्या अंधारात क्षणभर मला स्वतःलाच वाटून गेलं, हे असंच तर झालं नव्हतं ना? डोळ्यांनी एकदा बघितलं की आठवणीचं काय चालतं?

झारुही फोन उचलेना. ग्रिगोर नार्दीच्या, म्हणजे आमच्या फाशांच्या खेळाच्या, पटावरून मान वर न करता म्हणाला, "सिनेमा आहे गं. उद्या ते तुला माशाची शेपटी लावतील."

"माशाची शेपटी लावली असती तर मी मिठाई वाटली असती," मी म्हटलं आणि कोट चढवून सरळ बरबँकची बस धरली.

शेडच्या पुढच्या खोलीत केल्सी नावाची मुलगी भेटली. मी म्हटलं, मला त्या जिन्यावरून काढा. ती गोड हसली. "बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. गर्दीतले चेहरे कुणी ओळखत नाही."

"माझ्या मैत्रिणीने ओळखलं!"

"पण ती तुम्ही नाहीच. तुमच्या फोटोंवरून आणि हालचालींवरून बनवलेला साचा आहे. संगणक गर्दी पसरतो. कुणी कुठे उभं राहायचं, कुणासमोर काय करायचं, हे तो जुळवतो. चित्रपट केव्हाच सगळीकडे गेला. आता काही करता येत नाही."

"म्हणजे माझ्यासमोर म्हातारी कुणी आणून ठेवली?"

"कुणीच नाही. तशी ती आली."

तशी ती आली! इतका खर्च करून आख्खं शहर बुडवतात, एकेका लाटेच्या फेसावर महिनोन् महिने माणसं बसवतात, आणि एका बाईच्या अब्रूचं काय करायचं ते मात्र आपोआप होतं. मी त्यांच्या सोफ्यावर ठाण मांडलं आणि सांगितलं, मी त्या शेडमध्ये खरं काय केलं होतं ते दाखवल्याशिवाय हलणार नाही. पोलीस बोलवा, मी पोलिसांचीही एक्स्ट्रा झालेली आहे. केल्सी बिचारी वाईट नव्हती. इकडे तिकडे बघून तिने मला आत नेलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

काळ्या पडद्यावर नुसते ठिपके होते. ठिपक्यांची एक बाई. ती वाकली. तिचे दोन्ही हात पुढे गेले. आणि मग मुठी मिटल्या. मिटलेल्या मुठींनी ती मागे ओढायला लागली, अख्ख्या अंगाने, पाय रोवून, खांदे मागे टाकून, ओढतच राहिली, आणि मग मुठी एकदम मोकळ्या वर आल्या आणि ती गुडघ्यांवर बसली.

"जिन्याच्या दृश्यात फक्त सुरुवात घेतली गेलीय," केल्सी हळूच म्हणाली. "पुढचं कापलं. बाकी ठिकाणी पूर्ण आहे. पुलावर, लाटेच्या आधी, बंदरावर. तुम्ही बऱ्याच ठिकाणी आहात. छान हालचाल होती म्हणून पुन्हा पुन्हा वापरली."

मी रडले. त्या शेडमध्ये, परक्या मुलीसमोर, नाक लाल होईपर्यंत रडले. मी धरलं होतं. ओढलं होतं. मला माहीत होतं, पण आता दिसलं. मी केल्सीला म्हटलं, हे माझ्या फोनमध्ये घालून दे. ते चालत नाही म्हणाली. मला ढकलताना दाखवायला चालतं, ओढताना दाखवायला चालत नाही! पण तिने मला दारापर्यंत हात धरून सोडलं, तेवढं तिचं मान्य करते.

तिथून थेट झारुहीचं दार.

"कोण?"

"दार उघड. नाही तर इथूनच ओरडेन, आणि तुझी वरची शेजारीण आपल्याच गावची आहे."

दार उघडलं. तिने बस म्हटलं नाही. मी बसले.

"विचार," मी म्हटलं.

"काय विचारू?"

"इतकी वर्षं गिळून बसलीयस ते."

ती ओट्याशी उभी राहून पुसलेलाच ओटा पुन्हा पुसायला लागली. "हामो म्हणाला होता..."

"हामो! नार्दीत फासे फिरवणारा हामो? त्याचं ऐकलंस आणि माझं नाही?"

"तू सांगितलंस कधी?" फडकं ओट्यावर आपटून ती वळली. "सांगितलंस कधी, क्नारिक? मातीच्या दिवशी माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, बाही सुटली. दोन शब्द. बाही सुटली! माझी आई गेली आणि मला दोन शब्द मिळाले. त्यानंतर आपण काय केलं? बिया फोडत भूकंपाचे सिनेमे बघितले."

मला राग आला, भरपूर आला, आणि तो नक्की कुणावर आहे ते आता मला कळेना. तिने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. दर मंगळवारी आम्ही दोघी शेजारी बसून शहरं पाडून घेत होतो, म्हणजे तेवढा वेळ कुणाला बोलावं लागणार नाही.

"बूट घाल," मी म्हटलं.

"कुठे?"

"सिनेमाला."

"वेड लागलंय का तुला? तो जिना मी पुन्हा बघणार नाही."

"जिना आला की डोळे मीट. बाकीचं बघ. हिरोला बघू नकोस, मागे बघ. मी एक शब्द बोलणार नाही. मी काही बोलले तर तू म्हणशील, हिनेच माझ्या डोक्यात भरवलं."

"मी तशी आहे का?"

"तू लेनिनाकानची आहेस. बूट घाल."

दुपारचा खेळ होता. थिएटर जवळजवळ रिकामं, पुढच्या रांगेत चार-पाच कॉलेजची पोरं पाय पसरून बसलेली. बिया आणायचं आम्हा दोघींनाही सुचलं नाही. शास्त्रज्ञ कागद फडकावत आला, कुणी त्याचं ऐकलं नाही. पूल फाटला. हिरोची गाडी हवेतून उडाली, आणि तिच्या मागे, पार मागे, कठड्याशी तपकिरी कोटातली बाई वाकली आणि ओढायला लागली. झारुही हिरोच्या गाडीकडेच बघत होती. मी दातांनी जीभ दाबून धरली.

जिना आला. तिने डोळे मिटले नाहीत. तपकिरी बाईचे हात पुढे गेले, म्हातारी गेली. झारुहीने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि माझ्यापासून थोडी पलीकडे सरकली. तेवढं सरकणं मला त्या सगळ्या भूकंपापेक्षा जास्त लागलं.

मग समुद्र मागे हटला. किनाऱ्यावर हजारो माणसं धावत सुटली, सगळी आमच्या दिशेने. त्या धावत्या गर्दीत एकच बाई पळत नव्हती. वाळूत पाय रोवून, खाली वाकून, ती रिकाम्या हवेतून काहीतरी वर ओढत होती. आणि त्या दीडशहाण्यांना लोकसंख्या कमी पडली होती की काय कोण जाणे, तिच्यापासून थोड्या अंतरावर तीच बाई, तोच कोट, तेच रफू, पुन्हा वाकली होती आणि ओढत होती.

"ती तूच ना?" झारुही पुटपुटली.

"मीच."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"काय करतेयस तिथे?"

लाट आली आणि दोन्ही बायका ओढता ओढता पाण्यात गेल्या. झारुही आता खुर्चीच्या कडेला आली होती. हिरोने बायकोला मिठी मारली, तिने बघितलं नाही. हिरोची मुलगी सापडली, तिने बघितलं नाही. तिचे डोळे मागच्या माणसांत फिरत होते, हरवलेलं माणूस फलाटावर शोधावं तसे.

बंदर पेटलं. या खेपेला बाई जवळ होती, नीट दिसेल एवढी. ती वाकली. हात पुढे गेले. बोटं मिटली. झारुहीने माझा हात धरला, मनगटाच्या वर, कोटाच्या बाहीवर.

"तू धरलंयस," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "तिने धरलंय!" पुढची पोरं वळून बघायला लागली. पडद्यावरची बाई मागे रेलली, खांदे मागे टाकले, टाचा रोवल्या.

"ओढ," झारुही म्हणाली. मग ती उभीच राहिली. "ओढ! ओढ ना गं, क्नार जान, सोडू नकोस, ओढ!"

"शू!" पुढून कुणीतरी म्हणालं.

"ओढतेय, झारो," मी म्हटलं. "ओढतेच आहे."